'एकूण' दिसलं की बेरीज? शाब्दिक उदाहरणं आणि पोरांची बोटं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळा सुरू झाल्या की एक रंगीत तक्ता फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेल. 'एकूण, मिळून, सगळे, आणखी' दिसलं की बेरीज करा, 'उरले, शिल्लक, कमी, फरक' दिसलं की वजाबाकी. खाली सूचना, मुलांकडून पाठ करून घ्या. पहिली-दुसरीच्या पोरांना नुसती ७ + ५ येते पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते, आईबाप टेकीला आलेले असतात, त्यामुळे तक्ता फॉरवर्ड होत राहतो. आणि काही दिवस तो चालतो पण, कारण सुरुवातीची उदाहरणं तशीच सरळ असतात.

मग एक दिवस हे येतं: "मीनाकडे काही गोट्या होत्या. दादाने तिला आणखी ५ दिल्या. आता तिच्याकडे एकूण १२ गोट्या झाल्या. आधी किती होत्या?" ह्यात 'आणखी' पण आहे आणि 'एकूण' पण आहे. तक्ता पाठ असलेलं पोर १७ लिहून मोकळं होतं आणि घरात जाहीर होतं की ह्याचं गणित कच्चं आहे. अहो, १२ + ५ त्याने बरोबर केलीय की! त्याने गोष्ट वाचली नाही एवढंच, आणि ती वाचायची गरज नाही हे आपणच तक्ता देऊन शिकवलंय.

ह्या सवयीचं टोक बघायचं असेल तर फ्रान्समधला एक जुना किस्सा आहे. १९८०च्या सुमारास ग्रनोबलमधल्या संशोधकांनी प्राथमिकच्या मुलांना विचारलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कॅप्टनचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून उत्तर काढून दिलं. २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात पाचवीच्या पेपरात हाच प्रश्न आला तेव्हा तिथल्या सोशल मीडियावर बराच गदारोळ झाला होता. पोरं मूर्ख नसतात, त्यांना अनुभवाने कळलेलं असतं की पुस्तकातल्या गणितात आकडे दिलेत म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच असतं.

आता उलटी बाजू. टॉम हडसन नावाच्या संशोधकाचा १९८३ चा प्रयोग मला फार आवडतो. लहान मुलांना चित्र दाखवलं, त्यात समजा पाच पक्षी आणि चार अळ्या. प्रश्न, अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत? नर्सरीच्या मुलांपैकी जेमतेम १७ टक्के मुलांना जमलं. मग तसंच चित्र आणि प्रश्न असा, सगळे पक्षी अळी पकडायला धावले तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही? ८३ टक्के. चित्र तेच, उत्तर तेच, फक्त प्रश्नात काहीतरी घडायला लागलं. 'पेक्षा किती जास्त' ह्यात काही घडतच नाही, दोन ढीग नुसते शेजारी बसून असतात, म्हणून तुलनेची उदाहरणं पोरांना सगळ्यात जड जातात.

म्हणजे लहान मूल बेरीज की वजाबाकी हे ठरवून सुरुवात करत नाही, ते गोष्ट खेळून बघतं. कशी, ते जरा डिटेलमध्ये सांगतो, हा भाग थोडा लांबणार आहे.

"सईकडे २ चिंचोके होते, आजीने ९ दिले, आता किती?" अगदी नवखं मूल आधी २ बोटं उघडतं, मग ९ उघडायला जातं आणि बोटं संपतात. मग कोणी पायाची बोटं धरतं, कोणी आजीकडून शिकलेली पेरं मोजतं, अंगठा एकेका पेरावर टेकवत (एका हाताच्या चार बोटांवर १२ पेरं होतात, त्यामुळे हे भारी चालतं). सगळं परत एकपासून मोजायचं. पुढची पायरी म्हणजे २ डोक्यात धरून तीन, चार, पाच असं अकरापर्यंत जायचं. आपल्याला किरकोळ वाटतं पण ह्यात एकाच वेळी दोन मोजण्या चालू असतात, तोंडाने 'तीन, चार' चाललंय आणि बोटांवर 'ही एक झाली, ही दुसरी झाली' हा हिशेब वेगळाच, कारण नऊ पावलं झाली की थांबायचंय. इथेच पोरं एकाने चुकतात. कोणी २ लाच पहिली मोजतं आणि उत्तर १० येतं. तुमच्याकडे उत्तर नेहमी एकने कमी येत असेल तर आधी हेच तपासा.

आणि मग एक दिवस मूल २ वरून नाही, ९ वरून सुरू करतं. दहा, अकरा, झालं. ग्रोएन आणि पार्कमन ह्यांनी १९७२ मध्ये पहिलीच्या मुलांना उत्तराला किती वेळ लागतो ते मोजलं, तर वेळ बेरजेतल्या लहान संख्येप्रमाणे वाढत होता, दर एकाला साधारण ०.४ सेकंद, ३ + ५ असो की ५ + ३ असो. म्हणजे पोरं मोठीपासून पुढे मोजतायत. नंतर सीगलरने १९८७ मध्ये ह्यात गोम काढली. त्याने प्रत्येक गणितानंतर मुलाला लगेच विचारलं की तू कसं केलंस, तर ही युक्ती साधारण एक तृतीयांश वेळाच वापरलेली निघाली, बाकी वेळी तेच मूल कधी सगळं एकपासून मोजतं, कधी आठवून सांगतं, कधी ठोकून देतं. सरासरी काढली की हे सगळं एकाच सरळ रेषेत लपून जातं. (आकडेवारीची आवड नसेल तर हा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल, पण मला राहवलं नाही.)

गंमत म्हणजे मोठीपासून मोजायची ही युक्ती बऱ्याच मुलांना कोणी शिकवलेली नसते. ग्रोएन आणि रेझनिक ह्यांनी १९७७ मध्ये शाळेत न जाणाऱ्या चिमुरड्यांना फक्त ठोकळे एकत्र करून सगळे मोजायची पद्धत शिकवली, काही आठवडे सराव दिला, तर जवळपास निम्म्यांनी मोठीपासून मोजणं आपलं आपण शोधलं. त्यांचं कोणी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' केलं नव्हतं! डोळ्याला पट्टी बांधून वाचता येईल म्हणत हजारो रुपये घेणारे ते क्लास आठवतात ना, पट्टीखालून नाकाच्या फटीतून दिसतं एवढंच त्यातलं विज्ञान. तेवढ्या पैशात चिंचोके पोतंभर येतात.

परत सईकडे. गोष्टीत २ आधी आले आणि ९ नंतर. मूल ९ पासून मोजतं तेव्हा त्याने गोष्टीचा क्रम उलटा केलेला असतो, म्हणजे चिंचोके आधी कोणाकडे होते ह्याने उत्तराला फरक पडत नाही हे त्याच्या ध्यानात आलेलं असतं. इथे गोष्टीतून संख्या सुटी व्हायला लागते. मीनाच्या गोट्यांच्या वेळी हे झालेलं नसेल तर मूल अडकतंच, कारण गोष्टीची सुरुवातच गायब आहे, 'काही गोट्या' म्हणजे बोटं किती उघडायची? "५ होत्या, दादाने काही दिल्या, १२ झाल्या" हे त्यामानाने सोपं, पाचवरून बारापर्यंत चालत जायचं. रिकामी जागा शेवटी असेल तर सोपं, मधे असेल तर मध्यम, सुरुवातीला असेल तर अवघड. पुस्तकात तिन्ही एकाच पानावर असली तरी मुलाच्या दृष्टीने ती तीन वेगळी गणितं आहेत.

मग घरी काय करायचं? पहिलं म्हणजे "बेरीज की वजाबाकी?" हा प्रश्न विचारणं बंद. त्याऐवजी आकडे काढून गोष्ट सांगा, मीनाकडे गोट्या होत्या, दादाने अजून दिल्या, आता खूप झाल्या, आणि मुलाला विचारा की आधी जास्त होत्या की आता? हे उत्तर देता आलं तर १७ लिहिल्यावर ते स्वतःच चमकतं. मग आकडे घाला, पण छोटे, ३ आणि ५ सारखे. गोट्या, बटणं, शेंगदाणे जे असेल ते समोर ठेवा आणि गोष्ट करून दाखवायला सांगा. बोटांवर मोजू दे, बोटं त्याची त्याची सुटतात. रिकामी जागा एकेक पायरी पुढे सरकवा, आणि अधूनमधून कॅप्टनच्या वयासारखा एखादा फालतू प्रश्न पण टाका, पोरं खिदळतात आणि वाचायला लागतात.

बाजारात नेणं चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी बरीच मुलं गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब तोंडी करत होती, पण शाळेसारखं मांडलेलं त्याहून सोपं गणित त्यांना जमत नव्हतं. शेजारच्या शाळांतल्या मुलांचं नेमकं उलटं. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही, मधे कोणीतरी बसून "तू आत्ता केलंस ना, ते असं लिहितात" हे दाखवावं लागतं.

आणि लिहिण्यावरून एक. मीनाच्या उदाहरणाखाली मूल बऱ्याचदा ७ + ५ = १२ असं लिहितं आणि वहीत फुली मिळते, कारण तिथे १२ - ५ = ७ अपेक्षित असतं. पण गोष्ट जशी घडली तशीच त्याने मांडलीय. फुली मारायच्या आधी त्याला एवढंच विचारा, ह्यातला उत्तराचा आकडा कुठला? ७ वर बोट ठेवलं तर उदाहरण सुटलेलं आहे, वजाबाकीची मांडणी पुढच्या आठवड्यात शिकवली तरी काही बिघडत नाही.