शंकूच्या दोन उंच्या: एक कागदाची, एक आतल्या मालाची

ठाण्यातल्या तलावपाळीवर मिळणारी चणे-शेंगदाण्याची पुडी हातात घ्या. टोकापासून तोंडाच्या कडेपर्यंत कागदावरून बोट फिरवलं, की मोजली जाते ती तिरकस उंची, l. टोकापासून तोंडाच्या मधोमध सरळ काडी उभी केली, तर ती लंब उंची, h. नववीतली मुलं इथेच अडखळतात आणि मला त्यांचा दोष वाटत नाही. दोन्हींना ‘उंची’ म्हटलं की गोंधळ होणारच. खरं तर l ही उंची नाहीच, ती उताराची लांबी आहे.

आता पुडी उलगडा. कागद एकावर एक न चढता कडेला कड जुळवून वळला आहे, असं धरू. उलगडल्यावर वर्तुळपाकळी मिळते. तिची त्रिज्या l, आणि तिचा कंस म्हणजे पुडीच्या तोंडाचा परीघ, २πr (r ही तोंडाची त्रिज्या). पाकळीचं क्षेत्रफळ कंस आणि त्रिज्येच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणून वक्रपृष्ठफळ πrl. यात h कुठेच येत नाही, कारण सपाट कागदावर ती काडी नसतेच. तोंडही बंद असेल तर πr² आणखी मिळवायचं, एवढंच.

घनफळाचं मात्र उलट. तेवढ्याच तोंडाच्या आणि तेवढ्याच लंब उंचीच्या डब्यात तीन पुड्या रवा मावतो, म्हणून ⅓πr²h. पण इथे l का चालत नाही? नाण्यांची चळत थोडी तिरकी करून पाहा. बाजू लांबते, नाणी तेवढीच राहतात. शंकूही अशाच पातळ चकत्यांचा. टोक बाजूला सरकवलं, पण h तीच ठेवली, तर उतार बदलतो, घनफळ नाही.

परीक्षेपलीकडे हा फरक घोडबंदर रोडवरच्या एखाद्या बांधकामावर, रेतीच्या ढिगापाशी दिसतो. ढिगाच्या पोटात टेप घालून h मोजता येत नाही. हाताशी असतो तो तळाचा घेर आणि उतार. घेर १५.०७ मीटर, उतार ३ मीटर धरा. घेराला २π ने, म्हणजे ६.२८ ने भागलं की r = २.४. h, r आणि उतार मिळून काटकोन त्रिकोण होतो, म्हणून मग पायथागोरस: ३² − २.४² = ३.२४, म्हणून h = १.८ मीटर. घनफळ सुमारे १०.८५ घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे रेती ३.८ ब्रास. घाईत h च्या जागी उताराचे ३ मीटर घातले, तर हिशोब ६.४ ब्रासवर जातो आणि अडीच ब्रास न आलेल्या रेतीचे पैसे चुकते होतात.

त्याच ढिगावर पावसाळ्यात ताडपत्री टाकायची, तर तिथे पुन्हा l च हवा: ३.१४ × २.४ × ३, म्हणजे २२.६ चौरस मीटर. h घेऊन १३.६ ची आणली, तर ढिगाचा चाळीस टक्के उतार उघडाच राहील.