खाजकुहिलीच्या बियांची परीक्षा

खाजकुहिलीच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. त्याच शेंगेतल्या बिया काष्ठौषधीच्या दुकानात कवचबीज म्हणून मिळतात. 1937 साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळं केलं. मेंदू याच द्रव्यापासून डोपामीन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतो आणि कंपवातात नेमकं डोपामीनच कमी पडतं. मग हे बी कंपवातावर चालतं का? प्रश्न सोपा वाटतो, पण तपासायला घेतला की वाटेत बरेच खड्डे लागतात.

पहिला खड्डा अर्क काढतानाच. एल-डोपाला हवा, उजेड आणि अल्कली सोसत नाही. बियांची पूड साध्या पाण्यात रात्रभर उघडी राहिली, तर पाणी आधी तांबूस आणि मग काळं पडतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं, त्याच जातीची ही क्रिया. म्हणून टरफल काढून दळलेली पूड 0.1 नॉर्मल, म्हणजे सौम्य, हायड्रोक्लोरिक आम्लात, चिमूटभर क जीवनसत्त्व घालून, तपकिरी बाटलीत भिजवतात आणि गाळून लगेच थंड करतात. प्राण्याला देण्याआधी आम्लता उतरवावी लागते. तसं केलं की पुन्हा काळं पडायला सुरुवात होते, त्यामुळे मात्रा रोज ताजी बनवायची.

मग एचपीएलसी या मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, 280 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात, एल-डोपा मोजायचं. बियांत ते साधारण 3 ते 6 टक्के असतं, म्हणजे दोन पोत्यांमध्ये दुपटीचा फरक पडू शकतो. हा आकडा दिला नसेल, तर ‘किलोमागे 200 मिलिग्रॅम अर्क दिला’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

उंदरावरच्या चाचणीत आधी डोपामीनचा साठा रिकामा करतात, तोही सर्पगंधेतल्या रिझर्पीनने. किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे 25 ग्रॅमच्या उंदराला 0.125 मिलिग्रॅम. रिझर्पीन पाण्यात विरघळत नाही. थेंबभर ॲसेटिक आम्लात विरघळवून मग पाणी घालतात. दुसऱ्या दिवशी उंदीर पाठीला पोक काढून, डोळे अर्धे मिटून बसलेला दिसतो. त्याचे पुढचे पाय 4 सेंटिमीटर उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवायचे. धडधाकट उंदीर काही क्षणांत उतरतो, हा मात्र ठेवला तसाच राहतो. 180 सेकंदांना घड्याळ थांबवायचं. त्याचं अंगही गार पडलेलं असतं, म्हणून खोली उबदार हवी. नाहीतर आपण औषधाचा नव्हे, थंडीचा परिणाम मोजत बसतो.

अर्क दिल्यावर उंदीर लवकर उतरला, तरी बी डोपामीनमार्गेच चाललं असं ठरत नाही. धोतऱ्यातली द्रव्यंही हा ताठरपणा सोडवतात, पण ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाची वाट अडवून. म्हणून शेवटी मेंदूतलं डोपामीन मोजावंच लागतं. आणि एका गटाला, अर्कात असेल तेवढंच, शुद्ध एल-डोपा द्यायला हवं. हा गट गाळला, तर बियांत एल-डोपापलीकडे काही आहे का, हे कधीच कळणार नाही. आमच्या मते चाचणीचा कणा हाच. सेकंद मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं, हेही तितकंच महत्त्वाचं.

माणसांवर असा सामना 2004 मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झाला. कंपवाताच्या 8 रुग्णांना आठवड्याच्या अंतराने, कोणती मात्रा ते न सांगता, 15 किंवा 30 ग्रॅम पूड किंवा नेहमीचं औषध (200 मिलिग्रॅम एल-डोपा अधिक 50 मिलिग्रॅम कार्बिडोपा) दिलं. 30 ग्रॅम पुडीत सुमारे 1000 मिलिग्रॅम एल-डोपा होतं. पाचपट का? कार्बिडोपा नसेल, तर बहुतेक एल-डोपाचं डोपामीन मेंदूबाहेरच होऊन जातं. पुडीचा गुण सरासरी 35 मिनिटांत आला, गोळीचा 69 मिनिटांत. टिकलाही 37 मिनिटं जास्त. हे बियांतल्या आणखी कशामुळे की केवळ मात्रेच्या फरकाने, हे 8 जणांवरून ठरवता येत नाही.

कंपवाताच्या गोळ्या चालू असताना कवचबीजाची पूड आपल्या मनाने घेणं यामुळेच धोक्याचं आहे. गोळीतलं कार्बिडोपा पुडीतल्या एल-डोपालाही मेंदूपर्यंत पोचवतं. मग तीच चमचाभर पूड कितीतरी जास्त मात्रेसारखी वागते, आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागणं, मळमळ, उभं राहिल्यावर भोवळ येणं असे त्रास सुरू होतात.