मोटारीतील दोन सबवूफरसाठी अ‍ॅम्प्लिफायरची निवड

मोटारीत जोडीने बसवलेल्या सबवूफरना पुरेल आणि पेलेल इतकी शक्ती देणारा अ‍ॅम्प्लिफायर ठरवण्याची रीत. सबवूफर म्हणजे साधारण २० ते ८० हर्ट्‌झ या पट्ट्यातला खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर. तो बहुधा १० किंवा १२ इंची असतो. अ‍ॅम्प्लिफायरला पुस्तकात विवर्धक म्हणतात, फिटरच्या तोंडी तो नुसता ‘अ‍ॅम्प’. निवड दोन आकड्यांवर होते : दोन्ही वूफर जोडल्यावर मिळणारा एकूण संरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा (ओहम), आणि प्रत्येक वूफर सतत पेलू शकेल अशी शक्ती (आरएमएस वॅट). गिऱ्हाईक दुकानात शिरताच वॅट विचारते. विचारायला हवेत आधी ओहम, कारण एकच अ‍ॅम्प किती वॅट देणार हे त्याच्यापुढे किती ओहमचा भार आहे यावर ठरते.

सबवूफरच्या कोनामागे, म्हणजे शंकूच्या आकाराच्या हलत्या पडद्यामागे, तांब्याच्या तारेची व्हॉइस कॉइल असते. काही वूफरमध्ये ती एक, तर काहींत दोन असतात. दोन असलेल्याला बाजारात ‘डबल कॉइल’ म्हणतात. जोडणीला खरी लवचिकता या दुसऱ्या कॉइलमुळे येते. समजा, १२ इंची दोन वूफर आहेत, प्रत्येकात ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत आणि प्रत्येक वूफर ५०० वॅट आरएमएसचा आहे. चारही कॉइल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या तर अ‍ॅम्पला १ ओहम दिसतो. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, घेतल्या (८ ओहम) आणि मग दोन्ही वूफर पॅरलल जोडले, तर ४ ओहम. चारही एकापुढे एक ओवल्या तर १६, म्हणजे जवळपास निरुपयोगी. या जोडीतून सरळ २ ओहम निघतच नाहीत. ते हवे असतील तर २-२ ओहमच्या डबल कॉइलचे वूफर घ्यावे लागतात, किंवा ४ ओहमच्या एकेका कॉइलचे दोन वूफर पॅरलल जोडावे लागतात. म्हणून वूफर आज आणि अ‍ॅम्प पुढच्या महिन्यात, असे करू नये. निदान कागदावर तरी दोन्ही एकदम ठरवावेत.

वरच्या जोडीसाठी १ ओहमला १००० वॅट आरएमएस देणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अ‍ॅम्प, नेमका बसतो. असा अ‍ॅम्प ४ ओहमला बहुधा निम्म्याहूनही कमी शक्ती देतो. उलट चूक जास्त महाग पडते : किमान २ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्पवर १ ओहमचा भार टाकला तर तो तापतो, स्वतःला बंद करतो किंवा जळतो. दोन चॅनलचा अ‍ॅम्प ‘ब्रिज’ करून, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच भाराला जोडून, वापरतानाही हाच हिशेब करावा लागतो. ब्रिज केलेल्या ४ ओहमच्या भारात प्रत्येक चॅनलला २ ओहमच दिसतात. जोडणी झाल्यावर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून पाहावे. मीटर थोडा कमी आकडा दाखवतो, ४ ओहमच्या जागी साडेतीनच्या आसपास. ते योग्यच आहे, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो.

आता वॅट. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’चा असतो आणि तो विसरलेला बरा. अमेरिकेतील कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आणले, ते या फुगवाफुगवीमुळेच. त्यानुसार शक्ती १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर, ४ ओहमला, विकृती आणि गोंगाट मिळून १ टक्क्याच्या आत ठेवून मोजतात. मानकाचा शिक्का नसेल तर अ‍ॅम्पच्या कडेचा फ्यूज पाहावा. ‘२००० वॅट’ लिहिलेल्या अ‍ॅम्पला ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल, तर १४.४ व्होल्टने गुणून आत जाणारी शक्तीच ४३२ वॅट होते. बाहेर दोन हजार कुठून येणार? क्लास-डी अ‍ॅम्प आत घेतलेल्या शक्तीपैकी ८० टक्क्यांच्या आसपास वूफरला देतो, जुन्या धाटणीचा क्लास-एबी बराच कमी. बाकीची उष्णता होते. सबवूफरसाठी आज क्लास-डी सोडून दुसरे काही घेण्यात अर्थ नाही.

१००० वॅट बाहेर काढायचे तर आत सुमारे १२५० वॅट, म्हणजे जवळपास ९० अँपिअर लागतात. अनेक लहान मोटारींचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीजजनित्र) पुऱ्या वेगात एवढे देतो किंवा देतही नाही. गाणे सतत पूर्ण जोरात नसते म्हणून निभावते. पण ठेक्यागणिक हेडलाइट मंदावू लागले की मर्यादा गाठली असे समजावे. वायर इथेच दगा देते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याइतका प्रवाह वाहू शकत नाही. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हेही ध्यानात असावे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते. अर्थिंगसाठी डिक्कीतला रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळतात. कोकणासारख्या दमट हवेत त्यावर लगेच ग्रीस किंवा रंग लावला नाही, तर पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

‘कमी पॉवरच्या अ‍ॅम्पने वूफर जळतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. कमी शक्तीने काहीही जळत नाही. जळतो तो क्लिपिंगमुळे : अपुऱ्या अ‍ॅम्पचा गेन (आलेला सिग्नल किती पट वाढवायचा ते प्रमाण) पिळून पिळून वाढवला की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट होतात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. तो लावण्यासाठी वूफर सोडवून, बेस बूस्ट बंद करून, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्‌झचा सूर वाजवतात आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजतात. शक्ती गुणिले ओहम यांचे वर्गमूळ हे लक्ष्य. १००० वॅट आणि १ ओहमसाठी ३१.६ व्होल्ट. बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवा खेळवणारे भोक, असेल तर अ‍ॅम्पमध्ये फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर हवाच, कारण बॉक्स ज्या सुराला जुळवला आहे त्या ट्यूनिंगखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो.

एकाचे दोन वूफर केले आणि शक्तीही दुप्पट केली, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. मात्र दोघांपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे झाले तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बेस वाढण्याऐवजी जवळजवळ नाहीसा होतो. मग लोक अ‍ॅम्पला दोष देतात. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवून पाहावा : सेलचा प्लस वूफरच्या प्लसला असताना दोन्ही कोन बाहेर उसळले पाहिजेत.