बीपी आणि गिरिजाप्रसाद: कोणत्या कोइरालांचं सरकार राजाने पाडलं?

‘कोइरालांचं सरकार राजाने बरखास्त केलं’ हे वाक्य नेपाळवरच्या मराठी लेखांत हमखास सापडतं. कोणते कोइराला, हे मात्र लिहिलेलं नसतं. मग १९६० आणि १९९४ एकमेकांत मिसळतात, आणि नेपाळी लोकशाहीवरचा सर्वांत मोठा घाव एखाद्या पक्षांतर्गत भांडणासारखा वाटू लागतो.

गिरिजाप्रसाद बहुतेकांना ठाऊक आहेत: २००६ च्या जनआंदोलनानंतरचे पंतप्रधान, माओवादी नेते प्रचंड यांच्याबरोबर शांतता करारावर सही करणारे. बीपी म्हणजे विश्वेश्वरप्रसाद, त्यांचे थोरले बंधू. १९५१ मध्ये गृहमंत्री, १९५९ मध्ये देशाचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान. मनीषा कोइराला ही बीपींची नात. नात्यागोत्याचं एवढं पुरे.

आता दोन पायउतार नीट पाहा. १९५९ च्या निवडणुकीत बीपींच्या नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त. सभागृहात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. तरी १५ डिसेंबर १९६० रोजी राजा महेंद्र यांनी सरकार मोडलं, संसद विसर्जित केली आणि पंतप्रधानांना अटक केली. राज्यघटना राजानेच दिलेली. तिच्या कलम ५५ मध्ये आणीबाणीचे अधिकारही त्यानेच राखून ठेवलेले. पंतप्रधानाचा सल्ला लागतच नव्हता. बीपी काठमांडूजवळच्या सुंदरीजलच्या कैदेत खटल्याविना जवळपास आठ वर्षं राहिले आणि राजाच्या हाती सत्ता ठेवणारी पक्षविरहित पंचायत व्यवस्था १९९० पर्यंत टिकली.

गिरिजाप्रसादांचं तसं नाही. १९९१ मध्ये काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या होत्या. जुलै १९९४ मध्ये सरकारच्या वार्षिक धोरण-कार्यक्रमावरच्या मतदानाला त्यांचेच ३६ खासदार फिरकले नाहीत आणि सरकार हरलं. संसद विसर्जनाची शिफारस गिरिजाप्रसादांनी स्वतः केली. राजा वीरेंद्र यांनी ती मान्य केली, कारण १९९० च्या राज्यघटनेचं कलम ५३(४) तेच सांगत होतं. सर्वोच्च न्यायालयानेही निर्णय उचलून धरला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, काँग्रेस मागे पडली, कम्युनिस्ट नेते मनमोहन अधिकारींचं अल्पमतातलं सरकार आलं. कुणी तुरुंगात गेलं नाही. याला राजाची कारवाई म्हणणं साफ चूक आहे.

आकड्यांचाही एक सापळा आहे. गैरहजर राहिलेल्या गटाला नेपाळमध्ये ‘छत्तीसे’ म्हणतात आणि गिरिजाप्रसादांबरोबर राहिलेल्यांना ‘चौहत्तरे’. हे ७४ म्हणजे १९५९ च्या ७४ जागा नव्हेत.

मजकूर तपासताना राजाचं नाव शोधा. महेंद्र असतील तर बीपी, वीरेंद्र असतील तर गिरिजाप्रसाद. ज्ञानेंद्र दिसले तर कोइरालांचा संबंधच नाही: २००२ आणि २००५ मध्ये त्यांनी हटवले ते तेव्हाचे पंतप्रधान शेरबहादुर देउबा.