सर्वांत शेवटी बोलणारा सचिव

महाविद्यालयाचा कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला असतो, ठरलेलं सभागृह ऐनवेळी हातचं जातं आणि सगळे विद्यार्थी-सचिवाच्या तोंडाकडे बघू लागतात. पुस्तकातल्या गणिताचं उत्तर शेवटच्या पानावर सापडतं, याचं कुठेच नसतं. एकाच प्रश्नाला अनेक वाटांनी भिडण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी 'अपसारी विचार' म्हटलं. महाविद्यालयात तिचा खरा सराव वर्गापेक्षा अशा जबाबदाऱ्यांतच होतो, असं मला ठामपणे वाटतं.

पण नुसतं पद पुरत नाही. बैठक कशी चालते, यावर बरंच अवलंबून असतं. 'सगळे मिळून सुचवू या' हा आपला आवडता मार्ग. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तो तपासला गेला. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना एकीकडे आणि वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज दुसरीकडे. वेगळे बसलेले जवळजवळ दुपटीने पुढे निघाले! पुढे १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डील आणि श्ट्रोब यांनी यामागचं मोठं कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि त्या थांबण्यात त्यांचं सुचणंच अडतं. म्हणून आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहावं, मग वाचून दाखवावं. सचिवाने तर सर्वांत शेवटी बोलावं. त्याचं मत आधी आलं की बाकीचे त्याच्याच मागे जातात.

पदामुळे वेगवेगळ्या शाखांत आणि गटांत वावर होतो, तोही कामाला येतो. समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांना २००४ मध्ये एका कंपनीत आढळलं, की निरनिराळ्या गटांना जोडणाऱ्या व्यवस्थापकांच्या कल्पना जास्त चांगल्या ठरतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'बायोडेटात छान दिसेल' असं सांगून मुलांना पदं घ्यायला लावू नका, ही शिक्षकांना कळकळीची विनंती. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८५ मध्ये ७२ तरुण लेखकांवर एक प्रयोग केला. काहींना लिहिण्याची बाहेरची कारणं, म्हणजे पैसा, नाव वगैरे, वाचून क्रमाने लावायला सांगितली आणि मग कविता लिहायला दिली. परीक्षक कवींना या गटाच्या कविता इतरांपेक्षा कमी सर्जनशील वाटल्या. ही कारणं दाखवण्याआधी लिहून घेतलेल्या कवितांत असा फरक नव्हता. मधल्या वेळात या लेखकांनी कारणांची एक यादी तेवढी वाचून क्रमाने लावली होती.