दिवा मागे नेल्याने सावली मऊ होत नाही

‘चेहऱ्यावर सावल्या कडक पडतायत? दिवा जरा मागे घ्या.’ पोर्ट्रेट, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचं छायाचित्र, काढायला शिकणाऱ्यांना हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. दिवा मागे नेला की उजेड फक्त कमी होतो. अंतर दुप्पट केलं तर एक चतुर्थांशावर येतो. डोळ्यांना बरं वाटतं, म्हणून तो मऊ झाल्यासारखा भासतो. सावलीची कड मात्र उलट अधिक धारदार होते.

कारण मऊपणा ठरतो तो चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्याने आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून भर उन्हात नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग दाटले की अख्खं आभाळ उजेड देऊ लागतं आणि तीच सावली विरून जाते.

घरी खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा आणि माणसाला अगदी खिडकीजवळ बसवा. गालावरून कानाकडे जाताना उजेड अलगद मावळतो. शिवाय खोलीतली लांबची भिंत आपोआप काळवंडते, कारण जवळून येणारा उजेड झपाट्याने घटतो. मला तर पोर्ट्रेटमधली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आणि कडक उजेड म्हणजे दोष नव्हे. अमेरिकी छायाचित्रकार जॉर्ज हरेल यांनी १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या नटनट्यांची पोर्ट्रेट टिपली, त्यांतली गालांची ठसठशीत ठेवण कडक दिव्यांनीच उठून आली.