हळदीच्या कॅप्सूलची चाचणी करताय? प्लासिबो शेवटी मागवू नका

हे पत्रक आमच्याकडून चाचणीसाठी कॅप्सूल बनवून घेणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि सप्लिमेंट कंपन्यांसाठी आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सच्या (आतड्याला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजारांच्या) रुग्णांवर हळदीचे सप्लिमेंट तपासायचे म्हटले की त्याच्या जोडीला हुबेहूब तसाच प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सारखीच कॅप्सूल, लागतो. आम्ही ही जोडी बनवतो. प्लासिबो कशासाठी लागतो हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आम्हाला फोन येतो तोवर बहुतेक वेळा सगळे ठरून गेलेले असते. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालेली, चाचणीची नोंदणी झालेली, संमतिपत्रे छापून तयार, पहिला रुग्ण पंधरवड्यात यायचा. मग विचारणा होते, "आमच्या कॅप्सूलसारखाच प्लासिबो हवाय, आत काहीही भरा." पंधरवड्यात ते होत नाही, आणि आत काहीही तर मुळीच भरता येत नाही. कॅप्सूलचे कवच बदलले, रोजची संख्या बदलली, भरणद्रव्य बदलले की प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) दुरुस्ती करावी लागते आणि ती पुन्हा कमिटीपुढे न्यावी लागते. तुमचे महिने इथे जातात. कॅप्सूल भरायला त्या मानाने फारच थोडा वेळ लागतो.

हळद लपत नाही

साध्या पांढऱ्या पावडरीचा प्लासिबो बनवणे सोपे. हळदीचे तसे नाही. तुमची तयार कॅप्सूल पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने जरा फिरवून पाहा. कागदावर बारीक पिवळी रेघ उमटते. अर्काची पावडर इतकी बारीक असते की भरताना ती कवचाच्या बाहेरही बसते, आणि पांढरे किंवा पारदर्शक कवच असेल तर काही दिवसांत ते स्वतःच पिवळसर दिसू लागते. प्लासिबोची डबी मात्र आतून स्वच्छ. दोन्ही डब्या हाताळणाऱ्या नर्सला पहिल्याच दिवशी कळते कोणती कोणती.

रुग्णही स्वस्थ बसत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही. वर्षानुवर्षे आजार काढलेला माणूस कॅप्सूल उघडून बघतोच. कोणी चाखून बघतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे घरोघरी माहीत असते. करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, साबणासारख्या अल्कलीत लाल होते, त्यामुळे आत नुसता पिवळा खाद्यरंग घातलेला प्लासिबो या परीक्षेत तिथल्या तिथे नापास होतो.

यापुढची अडचण आयबीडीतच, म्हणजे कोलायटिस आणि क्रोन्ससारख्या आजारांतच, विशेष आहे. करक्युमिन मोठ्या मात्रेत घेतले तर शौचाचा रंग पिवळा होऊ शकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांना ५०० मिलिग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या मात्रा एकेकदाच देऊन पाहिल्या होत्या. ज्यांना काही जाणवले त्यांच्या तक्रारींत पिवळ्या शौचाची नोंद आहे. सांधेदुखीच्या रुग्णाचे तिकडे कदाचित लक्षही जाणार नाही. कोलायटिसचा रुग्ण मात्र रोज बघतो, रक्त आहे का, आव आहे का. तुम्हीच त्याला तशी नोंद ठेवायला सांगितलेली असते.

त्याला कळले तर बिघडले कुठे, असे काही जण विचारतात. बिघडते ते मोजमापात. कोलायटिसची तीव्रता मोजणाऱ्या मेयो स्कोअरच्या चार भागांपैकी दोन, शौचाची संख्या आणि रक्तस्राव, रुग्णाच्याच सांगण्यावर भरले जातात. तिसरा असतो डॉक्टरांचे एकंदर मत. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही साधारण एक तृतीयांश रुग्णांना बरे वाटल्याचे दिसते. आपल्याला खरी कॅप्सूल मिळाली आहे हे ज्याला कळले त्याचे समाधान वाढते, आणि ज्याला रिकामी मिळाल्याची खात्री झाली तो चाचणी सोडून जाऊ शकतो. मग जो फरक हाती येतो तो हळदीचा किती आणि ओळखण्याचा किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही काय करतो

तुमच्या तयार कॅप्सूल आम्ही आहेत तशा वापरत नाही. त्या उघडून, पावडर पुन्हा आमच्या कवचात भरतो. यावर कुरकुर होते, "आमचा माल कशाला फोडता?" कारण एवढेच की दोन्ही गटांचे कवच एकाच खोक्यातले, एकाच रंगाचे आणि एकाच यंत्रावर बंद केलेले असावे लागते. शक्यतो आम्ही गडद तपकिरी अपारदर्शक कवच सुचवतो, त्यावर पिवळी पावडर उठून दिसत नाही. भरल्यावर कॅप्सूल पुसून घेतो आणि सांध्यावर पट्टी बसवतो, म्हणजे कोणी उघडली तर ते दिसते. वासासाठी दोन्ही डब्यांत हळदीच्या तेलाचा वास दिलेली सारखीच छोटी पुडी ठेवतो.

शौचाच्या रंगावर मात्र आमच्याकडे इलाज नाही, आणि आहे असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. प्लासिबोत थोडीशी हळद घाला, अशी सूचना नेहमी येते. ती आम्ही घेत नाही, कारण मग तो प्लासिबो राहत नाही, कमी मात्रेचा गट होतो. त्याऐवजी तीन गोष्टी तुमच्या बाजूने करा. संमतिपत्रात सर्वांनाच सांगा की शौचाचा रंग बदलू शकतो आणि तो आहारानेही बदलतो. दुर्बिणीच्या तपासणीचे चित्रीकरण अशा तज्ज्ञाला दाखवा ज्याने रुग्णाला पाहिलेले नाही. आणि मुख्य निकषात कॅलप्रोटेक्टिन घ्या. शौचातले हे प्रथिन दाह असलेल्या आतड्यात उतरलेल्या पांढऱ्या पेशींतून येते, रुग्णाला काय वाटते यावर त्याची पातळी ठरत नाही.

"तुम्हाला काय मिळाले असे वाटते?" हा प्रश्न रुग्णाला पहिल्याच आठवड्यात विचारा. बहुतेक जण तो शेवटी विचारतात. शेवटी बरे वाटत असलेला माणूस "खरी" म्हणणारच, त्यातून कॅप्सूल ओळखू आली होती का ते कळत नाही.

आत काय भरतो, हे सर्वात जास्त विचारले जाते. आम्ही मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज भरतो. लॅक्टोज स्वस्त आणि भरायला सुरेख, पण आयबीडीच्या बऱ्याच रुग्णांना दूध सोसत नाही. मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल पुरेशा मात्रेत पोट सैल करतात. प्लासिबो गटाचेच पोट तुम्ही बिघडवलेत तर कुठलेही सप्लिमेंट गुणकारी दिसेल. असा निकाल जाहिरातीत शोभतो. तपासणारा पहिला जाणकार मात्र तो फाडून टाकतो.

मात्रा ठरवूनच या

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये करक्युमिनच्या ज्या चाचण्यांचा लोक आम्हाला दाखला देतात, त्यांत मात्रेचा फरक प्रचंड आहे. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम करक्युमिन किंवा प्लासिबो सहा महिने दिला होता. करक्युमिन गटात ४३ पैकी २ जणांचा आजार उलटला, प्लासिबो गटात ३९ पैकी ८ जणांचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाची पूर्ण मात्रा घेऊनही त्रास सुरूच असलेले ५० रुग्ण होते. त्यांना औषधाच्या जोडीने रोज ३ ग्रॅम दिले. महिन्याभरात करक्युमिनच्या २६ पैकी १४ जणांचा आजार शमला, प्लासिबोच्या २४ पैकी एकाचाही नाही. याउलट दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, रोज ४५० मिलिग्रॅम दिले होते आणि प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही. क्रोन्समध्ये शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या जोडीने रोज ३ ग्रॅम देऊन पाहिले, तिथेही प्लासिबोहून सरस ठरले नाही.

या सगळ्यांत सप्लिमेंट नेहमीच्या औषधाच्या जोडीला होते. मेसालामाइन थांबवून आमची कॅप्सूल सुरू करायची, असा आराखडा घेऊन कोणी आले तर आम्ही ऑर्डर घेत नाही.

मात्रेचा हिशेब कॅप्सूलच्या भाषेत करून बघा. साध्या हळदीत करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि त्याच्या जातीचे घटक) साधारण ३ टक्के धरले तर ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद खावी लागेल. म्हणून ९५ टक्क्यांचा अर्क. मोठ्या, ०० मापाच्या कवचात साधारण ५०० मिलिग्रॅम मावते, म्हणजे रोज सहा कॅप्सूल. एका गटात २५ रुग्ण, २८ दिवस, रोज ६ म्हणजे ४२०० कॅप्सूल, आणि तितक्याच प्लासिबोच्या. नेमक्या तेवढ्याच मागवू नका. तपासणीला जातात, डबी हरवते, तपासणीची तारीख पुढे जाते, आणि काही नमुने आम्हाला राखून ठेवावे लागतात. मधेच कमी पडल्या म्हणून दुसऱ्या बॅचचा अर्क आणला तर रंगाची छटा बदलते आणि पहिल्या डबीशी तुलना करणारा रुग्ण ती बरोबर हेरतो. अख्खी चाचणी एकाच बॅचवर करा.

मिऱ्याचा प्रश्नही आधीच सोडवून या. १९९८ च्या एका प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन (मिऱ्यातला तिखट घटक) दिल्यावर रक्तात पोहोचणारे प्रमाण २००० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि तेव्हापासून प्रत्येकाला कॅप्सूलमध्ये पिपेरिन हवे असते. आजार मोठ्या आतड्याच्या अस्तरात असेल तर न शोषले गेलेले करक्युमिन तिथपर्यंत पोहोचणे फायद्याचेही असू शकते, हा विचार कोणी करत नाही. शिवाय पिपेरिन औषधे विघटित करणारी यकृतातली काही एन्झाइम मंदावते, त्यामुळे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णात त्या औषधांची पातळी वाढू शकते. आणि पिपेरिन फक्त एकाच गटात असेल तर तुम्ही एकाच वेळी दोन मसाले तपासताय, श्रेय कोणाचे ते सांगता येणार नाही.

तपासण्यांचा खर्च कशाला

आमच्या दरपत्रकात अर्काच्या तपासण्या वेगळ्या लावलेल्या दिसतात आणि त्या वगळा असा आग्रह होतो. पुरवठादाराचे प्रमाणपत्र असले तरी आम्ही त्या करतोच. हळद उजळ दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसे असलेला पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, म्हणून शिशाची तपासणी. सुक्या मसाल्यांतून साल्मोनेला येऊ शकतो, आणि तुमचे बरेच रुग्ण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असतात. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, तपासणीत करक्युमिन आणि त्याची दोन भावंडे वेगवेगळी दिसतात. ती भावंडे जवळपास नसतीलच तर माल हळदीतून काढलेला नसून कारखान्यात जुळवलेला असण्याची शक्यता मोठी. निव्वळ रंग मोजणाऱ्या स्वस्त तपासणीत हा फरक कळत नाही.

यकृताच्या एन्झाइमची रक्ततपासणी प्रोटोकॉलमध्ये ठेवा. हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. इटलीत २०१९ साली अशा रुग्णांची सरकारी पातळीवर दखल घेतली गेली होती. घरगुती मसाला आहे, त्याला काय होतंय, हे वाक्य कमिटीपुढे उच्चारू नका.

"अमुक नंबरच्या डबीत काय आहे तेवढं सांगा", असा फोन चाचणी सुरू झाल्यावर हमखास येतो. सांगत नाही. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल तर संकेत फोडण्याचे बंद पाकीट तुमच्या डॉक्टरांकडे दिलेले असते.

ऑर्डर कशी द्यावी

प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा तयार झाला की आम्हाला गाठा, मंजुरीची वाट पाहू नका. आम्ही आधी वीस-वीस कॅप्सूलची नमुना जोडी बनवून देतो. ती तुमच्या कार्यालयातल्या, चाचणीशी संबंध नसलेल्या लोकांना द्या आणि ओळखायला सांगा. वास घेऊ द्या, हलवून बघू द्या, पाण्यात टाकू द्या. त्यांना ओळखता आली नाही तर तेच वर्णन प्रोटोकॉलमध्ये लिहून कमिटीकडे पाठवा. नमुना जोडीचे पैसे आम्ही घेतो, पक्की ऑर्डर आली की बिलातून वजा करतो.

सोबत तुमचा अर्क, पुरवठादाराचे कागद, रोजची मात्रा, रुग्णांची अंदाजे संख्या आणि ते कोणत्या औषधांवर असतील त्याची यादी पाठवा. अर्क मूळ बंद डब्यातच पाठवा. पारदर्शक पिशवीत घालून पाठवलेला अर्क आम्ही स्वीकारत नाही. उजेडात करक्युमिनचे प्रमाण घटते, आणि मग कमी भरलेला आकडा पुरवठादाराचा की प्रवासाचा, यावर वाद घालत बसावे लागते.